कबुलीचा हुकूमनामा आणि नादारीची नोटीस

जुन्या दप्तरांच्या शोधांत असणाऱ्या आमच्या संशोधकबंधूंस एक अनुभव वारंवार येत असेल. घरांतील दप्तर विकावयास काढणारा मनुष्य बहुधा तें आनंदानें काढीत नाहीं. वाड्याची भिंत पडलेली असते, भावाभावांत वांटणी चाललेली असते, किंवा दारांत घेणेकरी उभा असतो. कागद आपल्या हातीं येतात ते अशा वाटेनें येतात. आणि आपण शिक्का, मोर्तब व शकांचा मेळ पाहण्यांत गढून गेलों म्हणजे ती वाट विसरतों.

गेल्या पावसाळ्यांत पंचवटींतील एक गृहस्थ लाल फडक्याचा एक रुमाल घेऊन आमच्याकडे आले. त्यांना आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें होतें. रुमालांत त्यांच्या खापरपणजोबांपासूनचीं कर्जखतें, दोन गहाणखतें, पावत्यांचीं चिटोरीं व एक हुकूमनामा असे कागद होते. यांची किंमत काय येईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. किंमत कशासाठीं पाहिजे म्हणून विचारतां त्यांनीं खिशांतून दुसरा एक कागद काढला. तो मात्र आजचा होता. एका खासगी सावकाराच्या दाव्यांत त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं सर्व रक्कम कबूल करून हप्ते बांधून घेतले होते. हप्ते थकले, आणि आतां त्याच हुकूमनाम्याच्या आधारें, रक्कम एका महिन्याच्या आंत भरा अथवा तारण द्या, नाहीं तर तुम्हांस नादार ठरविण्याचा अर्ज होईल, अशी नोटीस आली होती. नोटीस लागून नऊ दिवस झाले होते. "गुरुजी, कोर्टांत मींच सही केली. आतां बोलावयास तोंड कोठें आहे?" असें ते म्हणाले.

आम्ही वकील नव्हों. परंतु हा प्रश्न केवळ वकिलाचा नाहीं. तो कागद वाचणाऱ्या प्रत्येकाचा आहे. एखाद्यानें न्यायसभेंत ऋण कबूल केलें व त्यावर निवाडा झाला, तर तें ऋण खरें होतें असें सिद्ध होतें काय? आणि त्या निवाड्याच्या बळावर मनुष्यास नादार ठरवूं पाहिलें, तर त्या निवाड्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार पाहतां येतो काय? आमच्या अल्प वाचनावरून असें दिसतें कीं, आपल्या धर्मशास्त्रानें, मराठेशाहीच्या रीतीनें व इंग्रजी अमलांतील कायद्यानें, प्रत्येकानें आपापल्या परीनें एकच उत्तर दिलेलें आहे. कबुली ही दोघांमधला वाद मिटविते. ती असत्याचें सत्य करीत नाहीं. दार मागें उघडें आहे, पण तें अरुंद आहे, व तें ठराविक वेळींच उघडतें.

शब्दांचा घोटाळा

प्रथम शब्दांविषयीं चार ओळी लिहिणें अवश्य आहे. कारण या विषयांत शब्दांनीं पुष्कळांस फसविलें आहे. आज 'राजीनामा' म्हटला म्हणजे नोकरी किंवा अधिकारपद सोडल्याचें पत्र डोळ्यांपुढें येतें. मराठेशाहींतील मनसुबीच्या कागदांत राजीनामा येतो तो वादाच्या आरंभीं येतो. अमुक सभा जो निवाडा करील त्यास आम्ही राजी आहों, असें वादी व प्रतिवादी दोघेहि लिहून देत. इंग्रजी अमलांतील दिवाणी कोर्टांत हाच शब्द वादाच्या अखेरीस गेला, व आपसांत तडजोड झाल्याच्या कागदास राजीनामा म्हणूं लागले. म्हणजे १७७० च्या सुमाराचा राजीनामा हातीं आला व तो तडजोडीचा समजून वाचला, तर निवाडा होण्यापूर्वींच वाद मिटला असा उलटा अर्थ निघेल. पहिल्या राजीनाम्यांत मनुष्य न्याय करणारास कबूल असतो. दुसऱ्यांत तो रकमेस कबूल असतो.

'दिवाळें' हा शब्द लोकांचा आहे. देणें देण्याची शक्ति संपली म्हणजे पेढीवाल्यानें दुकानांत दिवसा दिवा लावून बसावें, अशी जुनी रीत सांगतात व त्यावरून हा शब्द आला असें समजतात. कायद्याच्या मराठींत 'नादारी' म्हणतात. लेखांत आम्हीं तोच शब्द घेतला आहे.

धर्मशास्त्रांतील संप्रतिपत्ति

आमच्या व्यवहारशास्त्रांत प्रतिवादीचें उत्तर चार प्रकारचें सांगितलें आहे. वादीचें म्हणणें मान्य करणें ती संप्रतिपत्ति. तें नाकारणें तें मिथ्योत्तर. तें मान्य करून पण परतफेडीसारखें कारण पुढें करणें तें प्रत्यवस्कंदन. आणि या गोष्टीचा निवाडा पूर्वींच झाला आहे असें म्हणणें तो प्राङ्न्याय. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणांत यांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोन्ही उत्तरें समोर उभीं आहेत. त्यानें संप्रतिपत्ति दिली; आणि आतां सावकार प्राङ्न्याय पुढें करीत आहे.

एरव्हीं व्यवहाराचे चार पाद: भाषा, उत्तर, क्रिया व निर्णय. संप्रतिपत्तींत क्रिया, म्हणजे पुराव्याचा पाद, नाहींसा होतो. म्हणून अशा व्यवहारास द्विपाद म्हटलें आहे. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कबुलीच्या निवाड्यांत सभेनें साक्षी पाहिलेल्या नसतात, लेख तपासलेला नसतो, हिशेब उलगडलेला नसतो. तो निवाडा चार पायांचा नव्हे, दोन पायांचा आहे. तो उभा राहतो तो कबुली देणाऱ्याच्या स्वतंत्र इच्छेवर. ती इच्छाच नसेल, तर त्यास तिसरा आधार नाहीं.

म्हणूनच याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत बळानें किंवा कपटानें झालेले व्यवहार राजानें फिरवावे असें सांगितलें. मत्त, उन्मत्त, आर्त, बाल, भयभीत यांनीं केलेला व्यवहारहि सिद्ध होत नाहीं असें म्हटलें. त्याच अध्यायाच्या अखेरीस वाईट रीतीनें पाहिलेले व्यवहार पुन्हां पाहावे, व चूक ठरल्यास सभ्यांस आणि जिंकणारासहि दंड करावा, अशी आज्ञा आहे. पण लागलीच पुढें दुसरी बाजू सांगितली आहे. न्यायानें हरला असतां मी हरलों नाहीं असें म्हणत जो पुन्हां येतो, त्यास पुन्हां हरवून दुप्पट दंड करावा. स्मृतिकारांनीं दार ठेवलें, आणि दारावर दंडाचा पहारा बसविला. दोन्ही गोष्टी बरोबर वाचल्या पाहिजेत.

ऋणाची मर्यादाहि याच शास्त्रानें घातली. एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतींत आहे, व मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनीं हिंदु ऋणकोंच्या बाबतींत तो मान्य केला.

मराठेशाहींतील यजितपत्र

मराठ्यांच्या न्यायपद्धतीविषयीं विठ्ठल त्रिंबक गुणे यांचा १९५३ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ संग्राहकांच्या परिचयाचा असेलच. वादाचा कागदी प्रवास साधारणतः असा: राजीनामा, जामीनकतबा, दोहों पक्षांच्या तकरीरी, साक्षी, मग निवाडपत्र. जिंकणारा सरकारांत हरकी भरी. हरणारा गुन्हेगारी भरी. या मालिकेच्या शेवटीं एक कागद असे त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तो यजितपत्र, अथवा येजितखत. हरलेला पक्ष जिंकलेल्यास आपल्या हातानें लिहून देई कीं, मी खोटा झालों, यापुढें या गोष्टीविषयीं कथळा करणार नाहीं.

स्मृतींतील जयपत्र हें राजाकडून जिंकणारास मिळणारें पत्र आहे. यजितपत्र हें हरणाऱ्याकडून घेतलेलें आहे. निवाडा झाला असतां पुन्हां हरलेल्याची कबुली कशास? तर पंचांच्या व गोताच्या न्यायसभेंत नुसता हुकूम पुरत नसे. हरलेल्यानें मान तुकविली आहे, हें गांवास दिसावें लागे. तरी यजितपत्र दिलेल्याचा वंशज पुन्हां हुजुरांत फिर्याद घेऊन उभा राहतो, असे कागद सापडतातच. तेव्हां विचारावयाचें तें इतकेंच: यजितपत्र कोणत्या स्थितींत घेतलें? चौकी बसली होती काय? जामीन कोणी दिला? ज्यांनीं साक्षी दिल्या ते त्या वतनाशीं संबंधित होते काय? नुसत्या यजितपत्रावरून हक्काचा इतिहास लिहिणारा संशोधक अर्धाच कागद वाचतो.

ऋणाच्या बाबतींत तर राज्याची मदत थोडी व घेणेकऱ्याचें स्वतःचें बळ अधिक, अशी स्थिति होती. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याचें वर्णन आहे. दारीं माणूस बसविणें, उपाशी धरणें धरणें, येणेंजाणें बंद करणें, अशा उपायांनीं ऋणको कबूल होई. अशा कबुलीस कबुली म्हणावें कीं नाहीं, हें याज्ञवल्क्याला विचारलें तर उत्तर काय येईल तें सांगावयास नको.

खत बदलण्याचा फेरा

१८१८ सालीं नाशिक इंग्रजांकडे गेलें. सध्यांचा नाशिक जिल्हा १८६९ सालीं स्वतंत्र झाला. त्या अर्धशतकांत धरणें गेलें व दिवाणी कोर्ट आलें. सुधारणा झाली, परंतु एक नवी अडचण उभी राहिली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जखताच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत ठेवली. हेतु चांगला होता. जुनीं व खोटीं देणीं उकरून काढूं नयेत. फळ मात्र वेगळें आलें. दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत करून घेई, व जुनें व्याज नव्या खतांत मुद्दल होई.

हिशेब करून पाहूं. मुद्दल ६० रुपये. व्याज दरमहा शेंकडा दोन. तीन वर्षांनीं होतात १०३ रुपये ३ आणे. त्याचें नवें खत झालें तर आणखी तीन वर्षांनीं १७७ रुपये ८ आणे. पुन्हां खत बदललें तर नऊ वर्षांच्या अखेरीस ३०५ रुपये व कांहीं आणे. दामदुपटीनें ६० रुपयांच्या ऋणावर १२० हून अधिक मागतां येत नव्हते. पण तिसऱ्या खतांत मूळचे ६० कोठेंच दिसत नाहींत. कूळ कोर्टांत उभें राहिलें, व अंगठा तुझाच काय म्हणून विचारलें, तर तें होय म्हणणार. कारण अंगठा त्याचाच होता. पुष्कळ कुळें तर कोर्टांत गेलींच नाहींत, व एकतर्फी हुकूमनामे झाले.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें दंगा झाला, व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला. दंगेखोरांनीं मुख्यतः मागितलें तें सोनें नव्हे, तर कागद. खतें व हुकूमनामे बाहेर काढवून ते जाळण्यांत आले. चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें आपल्या अहवालांत हीच गोष्ट सांगितली, व दाव्यांपैकीं बहुतेक एकतर्फी निकाल झाल्याचेंहि नमूद केलें. संग्राहकास या दंग्याचें दुःख वेगळें आहे. खत जाळलें तेव्हां ऋण जळालें नाहीं. जळाला तो मूळचे ६० रुपये दाखविणारा पुरावा.

यानंतर १८७९ सालचा १७ वा कायदा, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या मदतीचा, झाला. आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. पुढें इतर जिल्ह्यांत नेण्यांत आला. महादेव गोविंद रानडे १८७८ सालीं पुण्याहून नाशकास बदलून आले होते. या कायद्याच्या अंमलबजावणींतील तपासणीचें काम पुढें त्यांच्याकडे आलें. या कायद्याचें बारावें व तेरावें कलम आमच्या विषयाचा गाभा आहे. तेराव्या कलमानें न्यायाधीशास सांगितलें कीं, मध्यें कितीहि खतें बदललीं असोत, हिशेब मिटल्याचें लिहिलें असो, देण्याघेण्याच्या आरंभापासून खातें उघडून पाहा. आणि बाराव्या कलमांत कबुलीविषयीं असें ठरविलें कीं, शेतकऱ्यानें रक्कम कबूल केली एवढ्यानें चौकशी टळत नाहीं. ती कबुली खरी आहे, व आपले कायदेशीर हक्क पूर्णपणें जाणून दिलेली आहे, अशी न्यायाधीशाची खात्री झाली पाहिजे, व तसें वाटण्याचीं कारणें त्यानें लिहून ठेविलीं पाहिजेत. तेव्हांच चौकशी न करण्याची मोकळीक.

द्विपाद व्यवहारास तिसरा पाद जोडून देण्याचा हा प्रयत्न होता. हा कायदा आतां राहिलेला नाहीं. परंतु त्या कायद्याखालील हुकूमनामा हातीं आला, तर त्यांत कबुलीच्या कारणांचा मजकूर आहे कीं नाहीं, हें आमच्या बंधूंनीं अवश्य पाहावें. असल्यास त्या कबुलीचें वजन पुष्कळ वाढतें.

नादारीच्या न्यायालयाची नजर

योगायोग असा कीं, ज्या १८७५ सालीं सुप्यास खतें जळालीं, त्याच सालीं विलायतेंत किबल नांवाच्या प्रकरणांत एक महत्त्वाचा निर्णय झाला. एकानें अज्ञान वयांत ऋण केलें होतें. त्यावर हुकूमनामा झाला. आणि त्या हुकूमनाम्याच्या आधारें त्यास दिवाळखोर ठरवूं पाहिलें. न्यायालयानें हुकूमनाम्यावर थांबण्याचें नाकारलें, व त्याच्या पाठीमागें जाऊन मूळ ऋण पाहिलें. तें ऋणच कायद्यानें उभें राहत नव्हतें. १८८५ सालच्या लेनॉक्स प्रकरणांत तर हुकूमनामा ऋणकोच्या संमतीनें झालेला होता. तरी ऋणकोलाहि मूळ ऋण खोटें असल्याचें दाखविण्याची मोकळीक देण्यांत आली.

असें कां? याचें कारण समजलें म्हणजे सर्व विषय उलगडतो. साध्या दाव्यांत दोनच पक्ष असतात. त्यांनीं आपसांत कांहीं मान्य केलें तर त्याचा भार त्या दोघांवर. परंतु मनुष्य नादार ठरला म्हणजे त्याची मालमत्ता सर्व घेणेकऱ्यांसाठीं एकत्र होते, व ती ज्याच्या त्याच्या खऱ्या घेण्याच्या प्रमाणांत वांटली जाते. एकानें खोटें ऋण कबूल केलें, तर वाण्याचें, शेजाऱ्याचें, चाकराच्या पगाराचें घेणें तितकें बुडतें. ज्यांनीं कबुली दिली नाहीं, त्यांच्यावर ती कबुली कशी लादावी? शिवाय नादारीनें मनुष्याची स्थितिच पालटते. ती केवळ वसुली नव्हे. म्हणून नादारीचें न्यायालय हुकूमनाम्यास पुरावा मानतें, शेवटचा शब्द मानीत नाहीं. हें तत्त्व आपल्याकडील न्यायालयांनींहि उचललें आहे.

परंतु येथेंहि दंडाचा पहारा आहेच. १८८८ सालीं फ्लाटाऊ प्रकरणांत स्पष्ट झालें कीं, ऋणकोनें नुसतें मागितलें म्हणून प्रत्येक हुकूमनामा उकलून पाहण्याचें कारण नाहीं. कपट, संगनमत, किंवा न्यायाचा विपर्यास झाल्याचें सकृद्दर्शनीं दिसलें पाहिजे. पस्तावा हें कारण नव्हे; हप्ता झेपला नाहीं हेंहि कारण नव्हे.

आजची वाट

नाशिकसारख्या ठिकाणीं नादारीचा पहिला स्वतंत्र प्रांतिक कायदा १९०७ सालचा, व त्याच्या जागीं आलेला १९२० चा. मुंबई शहरास १९०९ चा वेगळा कायदा आहे. २०१६ सालीं नवी नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. परंतु व्यक्तींविषयींचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. आमच्या विद्यार्थ्यासारख्या साध्या गृहस्थास म्हणून १९२० चाच कायदा पाहावा लागतो, व अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातो.

नादारीची नोटीस ही या कायद्यांत १९७८ च्या दुरुस्तीनें आली. ती देण्यास पैशाचा हुकूमनामा अंतिम झालेला पाहिजे, व त्याची अंमलबजावणी तहकूब झालेली नसावी. मुदत एका महिन्याहून कमी नसावी. नोटिशींत देय रक्कम व न भरल्याचा परिणाम स्पष्ट पाहिजे. रक्कम चुकीनें अधिक लिहिली असेल, तर ऋणकोनें मुदतीच्या आंत घेणेकऱ्यास तसें लेखी कळवावें. गप्प राहिल्यास ती चूक पुढें सांगून उपयोग नाहीं. नोटीस रद्द करण्याचा अर्जहि त्याच मुदतींत करावयाचा असतो, व त्यास तीन कारणें दिलीं आहेत. एक, मूळ दाव्यांत मांडतां न येणारी, हुकूमनाम्याच्या रकमेइतकी किंवा अधिक, अशी उलट मागणी आपणांजवळ असणें. दोन, कर्जनिवारणाच्या एखाद्या कायद्यान्वयें तो हुकूमनामा रद्द करून घेण्याचा हक्क असणें, व तसा अर्ज केलेला असणें किंवा त्याची मुदत शिल्लक असणें. तीन, अशा कायद्यामुळें तो हुकूमनामा बजावतांच न येणें.

ही नोटीस न्यायालयें किती काटेकोर वाचतात, याचें उदाहरण २००६ सालचें आहे. मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणांत लवादाच्या निवाड्यावर अशी नोटीस काढली होती. लवादाचा निवाडा हुकूमनाम्याप्रमाणें बजावतां येतो खरा. पण तो नादारीच्या नोटिशीपुरता हुकूमनामा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. नोटीस टिकली नाहीं. तथापि नोटिशीची वाट बंद झाली तरी सर्व संपत नाहीं. अर्जाच्या सुनावणींत घेणेकऱ्यानें आपला हक्क शाबीत करावा लागतो, व पुरेसें कारण दिसल्यास न्यायालय अर्ज काढून टाकूं शकतें. हुकूमनाम्याच्या मागें पाहण्याचें स्थान मुख्यतः हें आहे.

कबुलीच्या हुकूमनाम्यावर थेट हल्ला मात्र दुसरीकडे करावा लागतो. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाहीं. तडजोड बेकायदा होती म्हणून वेगळा दावाहि आणतां येत नाहीं. ज्या न्यायालयानें तडजोड नोंदली त्याच्याकडेच जाऊन, ती फसवून, दबावानें किंवा कायद्याविरुद्ध झाली, असें सांगावें लागतें. अज्ञानाच्या वतीनें पालकानें न्यायालयाच्या परवानगीवांचून तडजोड केली असेल, तर ती अज्ञानाच्या इच्छेनुसार रद्द ठरूं शकते. सावकारीविषयीं महाराष्ट्राचा २०१४ चा अधिनियम आहे. परवान्यावांचून सावकारी करणारास न्यायालय हुकूमनामा देत नाहीं, व मुद्दलाहून अधिक व्याज मान्य करीत नाहीं. दामदुपट नव्या वेषांत जिवंत आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कागद विखरूं नयेत

आतां पुन्हां त्या लाल रुमालाकडे वळूं. आम्हीं विद्यार्थ्यास विचारलें, हप्ते सोडून सावकारास आणखी कांहीं दिलें होतें काय? त्यांनीं हुकूमनाम्यापूर्वीं व नंतरहि रोख रकमा दिल्या होत्या, व त्याच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. चिठ्ठ्या कोठें आहेत? "त्या याच रुमालांत असतील." घरांतील जुने व नवे कागद एकाच फडक्यांत बांधण्याची आपली रीत, ती या वेळीं उपयोगीं पडली. पणजोबांच्या पावत्यांखालीं नातवाच्या चिठ्ठ्या निघाल्या. मूळ उसनवारीचा आंकडाहि एका चिठ्ठीवर होता, आणि तो हुकूमनाम्यांतील मुद्दलाशीं जुळत नव्हता.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर दिलेला पैसा न्यायालयांत नोंदविला नाहीं, तर हुकूमनामा बजावणारें न्यायालय तो भरणा हिशेबांत धरीत नाहीं. घेणेकऱ्याच्या शब्दावर पैसे देऊन स्वस्थ बसणाऱ्या कितीतरी घरांचा घात या एका नियमानें झाला असेल. हुकूमनाम्याच्या पाठीवर वसुलाचा शेरा पाहणें हें संग्राहकाचें जितकें काम, तितकेंच घरधन्याचें.

म्हणून दप्तर विकत घेतांना किंवा वाचतांना आम्ही स्वतः पुढील क्रम ठेवतों. हुकूमनामा वादांती, एकतर्फी, कीं कबुलीचा, हें प्रथम पाहतों. कबुलीचा असल्यास ती कोणी दिली, त्याचें वय काय, व त्या दिवशीं त्याच्यावर दुसरें कांहीं संकट होतें काय, हें शोधतों. मग हुकूमनाम्यांतील मुद्दल घेऊन खतांची साखळी मागें मागें नेतों, जोंपर्यंत पहिला रोख आंकडा सांपडत नाहीं तोंपर्यंत. शेवटीं पावत्यांच्या तारखा त्या साखळीवर बसवितों. एवढें केल्यावांचून त्या हुकूमनाम्यावरून अमुक घराणें इतक्या कर्जांत होतें असें लिहूं नये. आणि एकाच रुमालांतील सुंदर मोडीचें खत एकाकडे, शिक्क्याचा कागद दुसऱ्याकडे, व चिटोरीं रद्दींत, असें तर कधींच होऊं देऊं नये. चिटोरें हाच तिसरा पाद आहे.

तो रुमाल आम्हीं विकत घेतला नाहीं. विद्यार्थ्यास त्याच दिवशीं तो घेऊन वकिलाकडे पाठविलें. नोटिशीच्या मुदतींतले एकवीस दिवस शिल्लक होते. मुदतीच्या आंत अर्ज गेला. तडजोड नोंदविणाऱ्या न्यायालयाकडेहि दुसरा अर्ज गेला. त्यांचा निकाल अद्याप व्हावयाचा आहे, व तो कसा होईल हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. कबुली खरी होती असें ठरलें, तर विद्यार्थ्यानें ती पाळली पाहिजे, हेंहि आम्हीं त्यांस सांगितलें आहे. परंतु "मींच सही केली" या चार अक्षरांच्या लाजेनें तोंड बंद करून बसणें, आणि त्यापायीं चार पिढ्यांचे कागद विकणें, हें शास्त्रासहि मान्य नाहीं व कायद्यासहि नाहीं. सही कोणाची एवढेंच पाहून कागद वाचून होत नाहीं. ती कां झाली, हेंहि वाचावें लागतें.